आधी एक पट्टा

भिंतीला रंग द्यायचा तर आधी कोपऱ्यात हातभर पट्टा मारायचा, तो वाळू द्यायचा आणि मगच पुढचं बोलायचं, हा त्या रंगाऱ्याचा जन्माचा नेम. घरमालक कितीही घायकुतीला येवो, "ओला रंग फसवतो," एवढंच म्हणून तो बाहेर पायरीवर जाऊन बसायचा. बायको चिडवायची, "लग्नाआधी मलाही चार दिवस उन्हात ठेवून बघायचं होतंत."

ती दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. ओल्या फरशीवर उभं राहून राहून गुडघे पार कामातून गेले होते. तिथल्या भिंतीवर कुणीतरी एक जुनं कॅलेंडर लावून ठेवलं होतं. त्यावर मोठ्या शहरातल्या संग्रहालयाच्या घुमटाचं चित्र. घुमट आतून सगळा रंगवलेला, आभाळ, ढग, पाखरांचे थवे. चादरी पिळता पिळता तिनं ते वर्षानुवर्षं पाहिलं. तिचं मागणं फार नव्हतं. त्या घुमटाखाली नवऱ्याला उभं करायचं आणि विचारायचं, अहो, इतक्या उंचावर हे केलं कसं असेल? सगळा जन्म छतं रंगवण्यात गेलेला माणूस, त्याच्याइतकं कोण सांगणार?

लेक सासरी गेली, हात जरा मोकळा झाला, तेव्हा दोघांनी मनावर घेतलं. रात्रीच्या गाडीनं जायचं, रात्रीच्याच गाडीनं परतायचं, म्हणजे मुक्कामाचा खर्च नाही. डबा घरचा. महिन्यातल्या एका रविवारी संग्रहालयात तिकीट नसतं, तो रविवार धरायचा. सगळं बसत होतं, गुडघे तेवढे बसत नव्हते. टॅक्सी परवडायची नाही, आणि चालायचं तर मध्ये टेकायला जागा हवी, पाणी हवं.

"मी आधी एकटा जाऊन येतो," रंगारी म्हणाला. "रंगाच्या दुकानाचा ट्रक माल आणायला निघालाच आहे. फुकटात काम होईल."

लेक तेव्हा माहेरी आलेली. तिनं कपाळाला हात लावला. "बाबा, सहलीचाही पट्टा मारणार का तुम्ही?"

"जाऊ दे गं," बायको म्हणाली. "पण अहो, मला सोडून सगळं बघून येऊ नका हं. माझ्यासाठी ठेवा काहीतरी."

तो परत आला तर दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, बाई काम करता करताच कोसळली, लेक तिच्यापाशी तिथेच दवाखान्यात आहे. ज्या चादरी इतकी वर्षं धुतल्या, त्यांतल्याच एकीवर ती निजली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. आता प्रवास नाही.

संध्याकाळी जरा बरं वाटलं तशी तिनं त्याला जवळ बसवलं. "सांगा आता. कसं आहे शहर?"

"स्टेशनाबाहेर डाव्या हाताला नळ आहे, पाणी गार आहे. मग सावलीचा रस्ता, झाडाखाली बाकडी. पुलाला जिना आहे, पण शेजारून उतार काढलाय, तुला चढता आला असता. संग्रहालयाच्या दारातच बाकडं आहे. आत घुमटाखाली भोवताली गोल बाकडी आहेत, पाठ टेकायची सोय असलेली."

"आणि घुमट?"

तो तिच्या पायावरची चादर सारखी करत बसला.

"अहो, घुमट कसा आहे?"

"वर नाही बघितलं मी. तू म्हणालीस ना, ठेवा म्हणून."

ती हसायला लागली. हसता हसता दम लागला, लेकीनं पाठ चोळली. मग तिनं त्याचा हात धरला. बोटांच्या पेरांत रंग होता, कधीच न जाणारा. "गमतीनं म्हटलं होतं हो," ती म्हणाली. "एवढं कुणी ऐकतं का बायकोचं?"

देवानं तिला फार तिष्ठत ठेवलं नाही. त्याच आठवड्यात, पहाटे, झोपेतच गेली.

पुढे ट्रकवाल्यानं एकदोनदा विचारलं, "येता का हो? या खेपेला घुमट बघून या." रंगारी मान हलवायचा. लेकीनं तिकीट काढते म्हटलं, तिलाही नको म्हणाला. तिनं फार ताणून धरलं नाही.

काम मात्र त्यानं सोडलं नाही. एका नव्या जोडप्याची खोली रंगवायची होती. नवरी मुलगी हिरव्या नि निळ्याच्या मध्ये अडकलेली. "काका, आधी कोपऱ्यात थोडासा लावून दाखवता का? वाळल्यावर ठरवू."

त्यानं डबा उघडला, काठीनं रंग ढवळला.

"दोघांनी मिळून आत्ताच ठरवा बाळ," तो म्हणाला. "मी सगळी भिंत रंगवतो. नाही आवडली तर फुकट पुन्हा रंगवून देईन."

आणि शिडी लावून तो वर चढला.