पांढरी पूड आणि कांद्याची मुळं
व्हिनेगरची बाटली उघडली की उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवते, कारण पेशी रंगवायच्या द्रावणाला असाच नाकात चढणारा वास यायचा. नव्वदच्या सुमारास ताई अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात पूड भरायची. ती पांढरी पूड इतकी बारीक, की तोंडाला रुमाल बांधूनही ओठ पांढरे व्हायचे. ताईला दिवस गेले, तेव्हा मी तिच्या पदरावरची पूड पाण्यात कालवून त्यावर कांदे ठेवले. साध्या पाण्यातल्या कांद्यांना लांब मुळं फुटली, पुडीच्या पाण्यातली खुंटली आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पेशींतली गुणसूत्रं तुटलेली दिसली. "कांद्यावरून माणसाचं सांगता येत नाही," सर म्हणाले. ताईनं मात्र स्वतः डोळा लावून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला सांगितलं, "साहेब, मला दुसरं खातं द्या. तोवर मी इथून हलणार नाही." ती दारातच बसली. दुपारपर्यंत पूड भरणाऱ्या सगळ्या बाया तिच्या शेजारी येऊन बसल्या, आणि शेवटी साहेबांनी तिला लेबलं लावायला घेतलं, बाकीच्यांना चांगले मास्क दिले. आज मी असे बारीक कण पेशीत शिरले की कोणती जनुकं जागी होतात ते तपासते, आणि निकाल हाती आला की आधी त्या कणांत काम करणाऱ्यांना नेऊन दाखवते.