अंगाऱ्याखालची जखम

डॉक्टरांनी जावईबापूंच्या पोटावर हात ठेवला, दाबून पाहिले. पोट फळीसारखे कडक होते. मग हनुवटी धरून ते म्हणाले, "तोंड उघडा."

जावईबापूंनी जोर लावला. कपाळावर घाम आला, पण दातांमध्ये बोट शिरेल एवढीही फट पडली नाही. ओठ मात्र दोन्हीकडे ताणले गेले. परक्याला वाटावे, माणूस हसत आहे.

"टिटॅनस," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे धनुर्वात."

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातली ही सकाळ. पोळ्याला दीडेक आठवडा होऊन गेला होता. मी सावरगावचा, शाळामास्तर. माझी धाकटी बहीण शांता जाम नदीपलीकडे, पांढुर्ण्यात दिली आहे. तिचे मालक बाबाराव संत्र्यांच्या बागा करतात. अंगाने पैलवान, बोलण्यात त्याहून जबर. त्यांचा जबडा दुखायला लागला तेव्हा आम्ही अक्कलदाढ समजलो. लवंग दिली, मिठाच्या गुळण्या करवल्या. मग भाकर चावेना, घोटभर पाणीही गळ्याखाली उतरेना. मान मागे ओढली जाऊ लागली तेव्हा कुठे आम्ही गाडीत बसलो.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते मी इथे देतो, कारण दुसऱ्या कुणाच्या घरी ही वेळ आली तर उपयोगी पडावे. या रोगाचे जंतू मातीत आणि शेणात असतात. वरून बंद झालेल्या, आत हवा न पोचणाऱ्या जखमेत ते वाढतात. जंतू तिथेच राहतात, पण त्यांचे विष मज्जातंतूंच्या वाटेने पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाते. मग स्नायूंना आवळण्याचा हुकूम मिळत राहतो, सैल होण्याचा मिळत नाही. "आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो," डॉक्टर म्हणाले. "त्याला सगळं कळतं. जखम कुठं आहे?"

त्यांनी तळहात पाहिले, तळपाय पाहिले. संत्र्याच्या काट्यांचे ओरखडे होते, तेही वाळलेले.

"गेल्या दोन-तीन आठवड्यांत काही लागलं होतं? खिळा, विळा, काही?"

"नाही जी," शांता म्हणाली. "काहीच नाही लागलं."

ती खोटे बोलली नाही. आमच्याकडच्या माणसाला हे सांगावे लागणार नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची गोटमार असते. जामच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. पांढुर्ण्याचे लोक तो घ्यायला येतात, सावरगावचे अडवतात आणि दोन्ही काठांवरून गोटे चालतात. ज्याला लागतो तो देवीचा अंगारा भरून घेतो. अंगारा भरला की विषय संपला. त्याला कोणी जखम म्हणत नाही. आणखी एक रीत आहे: कोणाचा गोटा कोणाला लागला, हे विचारायचे नाही. संध्याकाळी तीच माणसे एकमेकांच्या घरी जेवायला बसतात.

पोळ्याच्या रात्री जावईबापू माझ्याकडे जेवायला होते. दुसरी पुरणपोळी मोडता मोडता म्हणाले, "मास्तर, तुमच्या सावरगावचे गोटे तं नदीच्या मधातच बसून घेतेत. इकडं यायले त्यायले बैलगाडी लागते का जी?" सगळे हसले. शांताही हसली. मी वाढत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावर त्यांचा केशरी फेटा दिसला. मी गोटा निवडून घेतला आणि नेम धरून मारला. फेटा सुटला. ते कानामागे हात दाबून खाली बसले. क्षणभर मला बरे वाटले, हेही लिहून टाकतो.

म्हणून दवाखान्यात डॉक्टरांनी जखम विचारली तेव्हा मला काही आठवायची गरज पडली नाही. शांतानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. नाही.

घोड्याच्या रक्तापासून केलेले अँटिटॉक्सिन सीरम त्यांना दिले. म्हणजे विषावरचा उतारा. आधी कातडीखाली थोडेसे टोचून पाहिले, कारण काहींना ते सोसत नाही. नाकातून पोटात रबरी नळी घातली. खोलीच्या खिडकीवर काळे कांबळे टांगले. उजेड, आवाज, नुसता धक्का लागला तरी झटका येतो. नर्सबाईंनी शांताला बांगड्या काढायला सांगितल्या. नवरा असा पडलेला असताना ती बांगड्या काढणार नव्हती. तिने पदराची चिंधी फाडून दोन्ही हातांतल्या बांगड्या आवळून बांधल्या. मग ती हलली तरी आवाज नसे.

बाहेर बाकावर लोक राज्यांच्या नव्या वाटणीचेच बोलत होते: नागपूर आता मुंबई राज्यात जाणार, आपला जिल्हा जुन्याच राज्यात राहणार. मी ऐकत होतो आणि नव्हतोही.

डॉक्टर माझ्यापाशी थांबले. "मास्तर, सीरम मोकळं विष मारतं. मज्जातंतूंना चिकटलेलं सोडवत नाही. आणि जखम तशीच राहिली तर नवं विष येतच राहणार. नीट आठवून पाहा." मी म्हणालो, पाहतो. त्या दिवशी एवढेच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या वॉर्डात कोणाचा तरी पाण्याचा पितळी गडवा फरशीवर पडला. जावईबापूंचे शरीर धनुष्यासारखे वाकले. गादीला फक्त डोके आणि टाचा टेकल्या होत्या. चेहरा निळा पडत गेला, ओठांवर तेच हसू. डोळे मात्र उघडे होते आणि माझ्याकडे लागले होते. झटका सुटल्यावर डॉक्टरांनी ट्रेकिओटॉमीची, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासाला वाट करायची, हत्यारे जवळ आणून ठेवायला सांगितली.

शांता मला बाहेर घेऊन आली. "भाऊ, तू गाडीनं जाय ना रे गावी. देवीचा अंगारा घेऊन ये. त्या दिवशी यायच्या डोक्यात भरला होता, तं किती लवकर सुकलं होतं! आता जबड्याले लावून पाहू."

ती हे आशेने सांगत होती. मी तिला तिथेच सोडून डॉक्टरांच्या खोलीकडे धावलो.

"डोक्यात आहे. डाव्या कानामागं."

डॉक्टरांनी फक्त विचारले, "काल माहीत नव्हतं?" उत्तराची वाट न पाहता ते उठले.

झोपेचे औषध देऊन केस कापले. राख, रक्त आणि तेल मिळून खपली दगडासारखी झाली होती. वरून कोरडी ठणठणीत. ती काढल्यावर आतून पू आणि काळे रक्त आले, फेट्याचा केशरी धागा आला, आणि वाटाण्याहून लहान एक खडा. डॉक्टरांनी कुजलेला भाग कापून काढला आणि जखम बांधून न टाकता उघडीच ठेवली. मग बाहेर येऊन विचारले, "हे कशानं झालं?"

"गोटमारीत, जी," शांता म्हणाली. "कोणाचा गोटा ते विचारत नसतेत."

"माझा," मी म्हणालो.

डॉक्टर निघून गेले. शांता माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "गोट्याचं नाही रे, भाऊ. गोटे चालतेच. काल डॉक्टर विचारत होते तवा तू मान काऊन हलवली?"

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरते बोले.

पुढचे दिवस वाईट गेले. डॉक्टर रोज म्हणत, "आज काही सांगता येत नाही." झटके येत राहिले. मग दोन झटक्यांमधला वेळ वाढू लागला. एका सकाळी पोट दाबल्यावर थोडे मऊ लागले. गळा कापावा लागला नाही. हत्यारांचा तो ट्रे नर्सबाईंनी उचलून नेला तेव्हा मी व्हरांड्यात जाऊन रडलो.

शांताने बांगड्यांची चिंधी सोडली त्या दिवशी तिने मुद्दाम हात हलवून पाहिला. बांगड्या वाजल्या. जावईबापू नुसते पाहत होते. झटका आला नाही. तिने चमच्याने पेज भरवली. तोंड चमचा जाईल एवढे उघडत होते. त्यांनी मला जवळ बोलावले. आवाज घोगरा, शब्द दातांतून गाळून येत होते.

"मास्तर... गोटा पोचला बरं का."

ते हसले. या खेपेला खरे हसले. शांता हसली नाही.

घरी परतलो तेव्हा नागपूर दुसऱ्या राज्यात गेले होते. पुढे तपासणीला जाताना जावईबापू म्हणत, "चला, परदेशात जाऊन येऊ." काठी धरून चालायचे, पण चालायचे. त्या डॉक्टरांचे उपकार आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. त्यांनी मला पुन्हा काही विचारले नाही, हा उपकारही मी त्यातच धरतो.

शांता आता बोलते, राखी बांधते. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही. ते असे आहे: मला माझी लाज तिच्या नवऱ्याच्या जिवापेक्षा मोठी वाटली. एक पूर्ण दिवस वाटली.

आता मी चाळिशी ओलांडली आहे. गोटमारीला जातो, गोटा उचलत नाही. काठावर उकळलेले पाणी, साबण आणि स्वच्छ कापड घेऊन बसतो. लोक थट्टा करतात, "मास्तर भेले!" लागलेला कोणी जवळून जाऊ लागला की थांबवतो, कुठे लागले म्हणून विचारतो. तो म्हणतो, "कुठंच नाही जी, अंगारा भरला ना." देवीला हात जोडा, मी सांगतो, पण राख धुवून टाका आणि आजच सरकारी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची सुई घ्या.

मग त्याच्या हो-नाहीवर न थांबता, मी स्वतः केस बाजूला करून पाहतो.