सोडलेला मासा

मामाचं गळ-आमिषाचं दुकान तळ्याच्या धक्क्यावर आहे, गेली तीस वर्षं. गांडुळं दाखवावीत ती त्यानंच, चिमटीत धरून, सोनारानं अंगठी दाखवावी तशी. गिऱ्हाईक नवखं असलं की आधी विचारणार, "मासा धरताना हात ओले करता का हो?" उत्तर चुकलं तर गळ मिळतो, पण शिव्यांसकट. कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा बुरशी लागून मरतो, हे त्यानं मला शाळेत असतानाच शिकवलं होतं. मी शिकले आणि सोयीस्कर विसरले.

कारण माझे बाबा गळ-मंडळाचे अध्यक्ष. मोठ्या माद्या अंडी घालायला काठाशी येतात, नेमक्या त्याच आठवड्यात यांची मासे धरायची स्पर्धा. तेव्हाच त्या हाती लागतात ना! मामा दरवर्षी विनवायचा, "दाजी, महिनाभर थांबा." बाबांचं उत्तर ठरलेलं. "अरे, आम्ही खातो का? वजन करतो, फोटो काढतो, सोडून देतो." केवढे पुण्यवान आम्ही! सकाळी धरलेला मासा दुपारच्या वजनापर्यंत तापलेल्या उथळ पाण्यात, जाळीच्या पिशवीत कोंबायचा आणि मग टाळ्या वाजवत सोडायचा. पोहत गेला म्हणजे जगला. पुढचं बघायला थांबतंय कोण?

गेल्या वर्षी स्पर्धेच्या दिवशी मामानं दुकानच उघडलं नाही. "तुझ्या भावाचं डोकं फिरलंय," बाबा आईला म्हणाले. मी घरचं आमिष वापरलं आणि पहिली आले. हातभर लांब मादी, पोट टम्म. कोरड्या टॉवेलात धरून तिच्यासोबत चांगले चार फोटो काढून घेतले.

तिसऱ्या दिवशी मंडळाच्या खोलीत बक्षीस समारंभ होता. मामा ओलं गोणपाट घेऊन आत शिरला आणि करंडकाशेजारी त्यानं मासे ओतले. सतरा. तळ्यात पोट वर करून तरंगत होते म्हणे. वासानं लोक उठून उभे राहिले. सगळ्यांत मोठी कुणाची हे विचारायची गरज नव्हती. तेवढी दुसरी तळ्यात उरलीच नव्हती.

"एका माशापायी सगळ्याचा विचका करतोस?" बाबा ओरडले.

मामानं तिच्या पोटात सुरी घातली. अंड्यांनी गच्च भरलेल्या गाभोळीचे दोन जाड लोळे टेबलावर घसरले. "एक? मोजा की! अध्यक्ष आहात ना, मोजा!"

मग तो माझ्याकडे वळला. आवाज एकदम खाली आला. "तुला तर माहीत होतं गं."

बाबांचा राग आला, मंडळाचा आला, पण त्या दिवशी सगळ्यांत जास्त चीड माझीच आली. ती अजून गेलेली नाही.

यंदाच्या स्पर्धेचा फलक काल लागला. तारखा त्याच. मी नाव दिलं नाही, असं मोठ्या तोऱ्यात मामाला सांगायला गेले.

"तू एक नाही गेलीस," तो मान वर न करता म्हणाला. "बाकीचे चाळीस?"

तशीच घरी आले. बाबा जेवायला बसले होते. त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हटलं, "चाळीस जणांशी भांडायचंय मला. आधी तुम्ही."