रहिमतपूर स्टेशनावर तुटलेला दोर

जर्मन-जपानची लढाई संपली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ, रहिमतपूर स्टेशन. मी सांगतेय आणि नात टाइप करतेय, त्यामुळे चुका तिच्या... राग मात्र माझा.

माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मालक पलटणीतून सुटून आले होते आणि एका कंत्राटदाराच्या टोळीत कामाला लागले होते. त्या कंत्राटदारानं कुठल्या तरी तेलाच्या खाणीवरचं जुनं बोअरचं यंत्र विकत घेतलं होतं. कोरेगावच्या पलीकडं माळावर पाण्यासाठी बोअर मारायची होती.

यंत्र रेल्वेच्या वाघिणीतून आलं. नुसतं एंजिनच एवढं अवजड, की खाली उतरवता उतरवता माणसं घामानं निथळली. आता ते लाकडी ओंडक्यांवरून चढावर घ्यायचं, रस्त्याला लावायचं. पुढं मोटारट्रक, मागं एंजिन, मधे तारेचा दोर.

मी भाकरी-कोरड्यास घेऊन गेले होते. दोर मलासुद्धा दिसला हो! तारा तुटून बाभळीच्या काट्यांसारख्या उभ्या राहिलेल्या. मला कसली अक्कल यंत्राची... पण आडावरचा दोर असा झाला तर बाई त्याला कळशी बांधत नाही.

मालक कंत्राटदाराच्या मॅनेजरला म्हणाले, "सायेब, ह्यो न्हाई टिकायचा. पेटीत नवा हाय की."

मॅनेजर म्हणाला, "तो बोअरसाठी आहे. असा ओढाओढीत खराब करायला नाही आणला. आधीच उशीर झालाय, आता वेळ काढू नका."

एंजिनाशेजारी हसनभाई होते. गावातले लोहार, गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे. एंजिन मागं सरकू नये म्हणून ओंडक्यांखाली पाचर मारायला त्यांना बोलावलं होतं. मला बघून हसले, म्हणाले, "भाकरी झाकून ठेव पोरी, आलोच."

ट्रकनं जोर लावला... आणि दोर तुटला.

आवाज बंदुकीसारखा झाला. तुटलेलं टोक चाबकासारखं मागं आलं आणि हसनभाईंच्या गुडघ्याखाली बसलं. एंजिन घसरत मागं आलं, मागं उभे असलेले टोळीतले दोघं उड्या मारून बाजूला झाले म्हणून वाचले. हसनभाई पायाकडं बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मालकांनी आपला पटका सोडून त्यांच्या मांडीला आवळून बांधला. पलटणीत शिकले होते. मी त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले. रक्त थांबेना... सगळे ट्रककडं बघायला लागले. साताऱ्याचा दवाखाना गाठायला दुसरं काही नव्हतंच.

आणि तेवढ्यात मॅनेजरनं काय करावं? पेटी फोडायला लावली. नवा दोर काढून ट्रकला अडकवायला लावला!

मालक म्हणाले, "आदी ह्यास्नी साताऱ्याला नेऊ."

तर म्हणे, "बैलगाडी बघा. ट्रक यंत्र ओढायला आणलाय, माणसं वाहायला नाही. एंजिन असं चढावर सोडून जाता येत नाही."

हे वाक्य मी आजही शब्दाला शब्द सांगू शकते. माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. मी हसनभाईंचं डोकं मालकांच्या हातात दिलं, उठले आणि ट्रकच्या चाकापुढं जाऊन बसले. डोक्यावरचा पदर कुठं गेला होता कुणास ठाऊक.

"घाल अंगावर," म्हटलं. "आमा दोघांस्नी संगंच न्हे मग."

मॅनेजर ड्रायव्हरवर खेकसला, "चालू कर रे गाडी! उठेल आपोआप."

ड्रायव्हर रामूभाऊ, कवठे महांकाळकडचे. परका माणूस, आमच्यातलं कुणी त्यांना धड ओळखतही नव्हतं. त्यांनी खरंच गाडी चालू केली... चाक माझ्या खांद्याला लागून होतं, त्याची थरथर अंगात उतरत होती. मी डोळे मिटले.

दार वाजलं. रामूभाऊ खाली उतरले होते. मागं गेले, नव्या दोराचा आकडा काढून मातीत टाकला आणि माझ्यापुढं येऊन म्हणाले, "वैनी, उठा. मागं बसा, त्यांचं डोस्कं मांडीवर घ्या."

"उद्यापासून कामावर यायचं नाही!" मॅनेजर ओरडला.

"उद्याचं उद्या बगू. आज गाडी माज्या हातात हाय."

टोळीतल्या माणसांनी एंजिनाखाली दगड लावले आणि आम्ही निघालो. वाटभर हसनभाई एकच विचारत होते, "पाय हाय का गं?" मी "हाय की" म्हणत राहिले.

पाय गेला. माणूस वाचला. पुढं कितीतरी वर्षं ते भट्टीपुढं बसून घण घालायचे, बायको भाता ओढायची. मॅनेजरनं वर काय कळवलं माहीत आहे? कामगार बेफिकीर होता म्हणे! मालकांनी आणि टोळीनं त्याच आठवड्यात काम सोडलं. यंत्र दुसऱ्या माणसांनी नेलं. बोअरला पाणी लागलं असं कानावर आलं... मला त्याचं काही वाटलं नाही.

आता घरातले म्हणतात, आजी, एवढी वर्षं झाली, सोड की. का सोडू? अपघात झाला म्हणून मी चिडले नव्हते. माणूस डोळ्यांदेखत रक्तात पडलेला असताना कुणी यंत्राची काळजी करतं, त्याचा तो राग आहे. तो माझ्याबरोबरच जाईल.

रामूभाऊंचं काम त्याच दिवशी सुटलं. ते गावाकडं गेले, पुन्हा कधी दिसले नाहीत. वैनी म्हणाले होते मला... एकदा घरी बोलावून पोटभर जेवू घालायचं होतं, ते राहूनच गेलं.