जाऊन राहिले, राहून राहिले

"तुम्हीच म्हणालात, रुखमाबाई! माझ्या कानांनी ऐकलंय. 'आमचे लोक कन्हानला जाऊन राहिले.'"

"कन्हानले म्हटलं मी. आन् जाऊन राहिले म्हंजे काय जी, कृष्णकांतभाऊ?"

"म्हणजे गेले, आणि तिथं राहिले."

"माय वं!" रुखमाबाईनं कपाळावर हात मारला. "जाऊन राहिले म्हंजे जाऊन राहिले! आता मी तुमच्याशी बोलून राहिली ना? मंग काय बोलून तुमच्या घरी राह्यली का?"

दाराशी बसलेल्या तिच्या वस्तीतल्या बाया खो-खो हसल्या. पुण्याचा कृष्णकांत हसला नाही. त्याच्यासमोर निवेदनाचे गठ्ठे होते, शाईचा वास अजून ताजा. इतवारीतल्या धान्याच्या दुकानावरची ही खोली म्हणजे घरहक्क आघाडीचं नागपुरातलं ठाणं. हिवाळी अधिवेशन भरलं होतं. सरकार वर्षातून एकदाच काय ते मुंबईहून इकडे फिरकतं, म्हणून राज्यभरातल्या झोपडीवाल्यांचा मोर्चा उद्या नागपुरातच निघायचा होता. आणि त्या मोर्चाच्या छापील निवेदनात एक ओळ होती: 'चिंचबन वस्ती, नागपूर: सर्व कुटुंबांचे कन्हान येथे पुनर्वसन पूर्ण.'

चिंचबन म्हणजे रुखमाबाईची वस्ती. ती जागची हललेली नव्हती.

घडलं होतं इतकंच. सरकारनं चिंचबनवाल्यांना शहराबाहेर, कन्हानपलीकडचं एक माळरान दाखवलं होतं. दिवाळीच्या आसपास वस्तीतले लोक आळीपाळीनं ती जागा बघायला जात होते. पाणी नाही, बस नाही, पहाटे इतवारीच्या बाजारात पोचायची सोय नाही, असं बघून शिव्या देत परत येत होते. त्याच दिवसांत कृष्णकांतनं विचारलं, कन्हानचं काय झालं? रुखमाबाई म्हणाली, जाऊन राहिले, म्हणजे जाताहेत. त्यानं खूश होऊन तसं टिपून घेतलं, आणि सरकारनं मनात आणलं तर होऊ शकतं याचा पुरावा म्हणून छापून टाकलं.

रुखमाबाई मूळची पारशिवनीकडची. लग्न करून नागपुरात आली ती नवऱ्याच्या, रामाजीच्या मागं, डोक्यावर लोखंडी पेटी घेऊन. तो इतवारीत पोत्यांची हमाली करायचा, ती सुपानं धान्य पाखडायची. नाल्याकाठच्या चिंचबनात दोघांनी कुडाच्या भिंती घातल्या आणि शेणामातीनं लिंपल्या. पाडापाडीची गाडी पहिल्यांदा आली तेव्हा ती चुलीपाशी होती. साहेब दारातून ओरडला, "बाहेर निघा!"

"स्वयंपाक करून राहिली मी. थांबा."

गाडीवरचे मजूरही कुडाच्याच घरांतले. पेटत्या चुलीवर हात टाकणार नाही म्हणून त्यांनी कुदळी खाली ठेवल्या. रुखमाबाईनं सावकाश एक भाकर थापली, मग दुसरी. तिचं पीठ संपलं तसं शेजारच्या मीराबाईनं आपलं आणलं, मग तिच्या शेजारणीनं. दिवस कलला तरी चूल विझेना. शेवटी साहेबच ताटकळून निघून गेला आणि मजूर भाकरी खाऊन गेले.

ही गोष्ट अमरावतीला पोचली. तिथल्या बाया ती चूल बघायला आल्या. त्यांच्यामागून अकोला, औरंगाबाद, पुणे, मुंबई. अकोल्यात सगळे पहिल्यांदा एकत्र बसले, तेव्हाही भांडण शब्दावरूनच जुंपलं. मुंबईवाल्यांना हवी होती खोली, नागपूरवाल्यांना पट्टा, म्हणजे पायाखालच्या जमिनीचा कायमचा कागद. मुंबईचा एकजण हसला, "पट्टा? कमरेचा का?"

"कमरेचाच," रुखमाबाई म्हणाली. "तुमचा ढिला झाला म्हणून तं खोलीवर खूश हाय तुमी!"

हशा पिकला आणि मागणीत दोन्ही शब्द आले. आघाडी खरी बांधली गेली ती त्या हशातच. पण आज हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती.

"हे पाहा," कृष्णकांत गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाला, "सगळ्या जिल्ह्यांच्या सह्या झाल्यात. मंत्र्यांनी पहिल्यांदाच भेटीची वेळ दिलीय. खाडाखोड दिसली की तेवढ्यावरून टाळतील. मोर्चा होऊ द्या, दुरुस्तीचं पत्र मी स्वतः नेऊन देतो."

"उद्या तुमचा कागद सायबाच्या टेबलावर जाईन. परवा गाडी आमच्या दारात. आमी ओरडू, तं सायेब म्हणन, तुमचीच आघाडी सांगते का तुमी कन्हानले हाय. मंग चिंचबनात कोन बसलं? भुतं?"

"एका वस्तीसाठी सगळ्या राज्याचं काम अडवायचं?"

"काहून अडवू? ते काम मी बी केलं."

रामाजी दारातून हळूच म्हणाला, "रुखमा, भाऊ थकले वं. जरा समजून घे."

"समजूनच घेऊन राहिली. तुमी चहा सांगा खाली."

कृष्णकांत थकला होता हे खरंच. नोकरी सोडून, फलाटांवर झोपून त्यानं ही माणसं जोडली होती. चिंचबनात कितीदा तिच्याच हातची भाकर खाल्ली होती. परका असता तर ती शिव्या घालून मोकळी झाली असती. आपल्याच माणसानं आपल्याला गावाबाहेर नेऊन टाकलं, ते तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"उद्या ते ओळ वाचान तुमी? मोठ्यानं?"

त्यानं गठ्ठा सारखा केला. "छापलंय ते वाचावंच लागेल."

"म्हंजे वाचान."

"आघाडी मोडायचीय का तुम्हाला, रुखमाबाई?"

"मी आघाडीत हाय का? कागदावर तं मी कन्हानले हाय."

बायांमध्ये कुजबुज झाली. मीराबाईनं पदर खोचला आणि मोर्चात विचारावं तसं खणखणीत विचारलं, "कुठं राहून राहिली वं, रुखमा?"

"इथंच राहून राहिली!"

"कुठं राहून राहिलो?"

"इथंच राहून राहिलो!" आता सगळ्याच बाया. खालच्या दुकानातला तराजूवाला मान वर करून बघायला लागला.

"घोषणा ठरल्यात आपल्या," कृष्णकांत म्हणाला. "आणि 'राहून राहिलो' हे मुंबईवाल्यांना कळणारसुद्धा नाही."

"कळन. रोज सांगू."

खुंटीवर मोर्चाचा भोंगा टांगलेला होता. एकच होता, मंडपवाल्याकडून तिनंच मागून आणलेला. तिनं तो काढला, पदरानं पुसला आणि दोरी गळ्यात अडकवली.

"भोंगा ठेवा, रुखमाबाई. उद्या मी निवेदन कशावर वाचणार?"

ती दाराकडे वळली. बाया उठून उभ्या राहिल्या. रामाजी चहाचे ग्लास घेऊन जिन्यात आला होता, तो भिंतीला चिकटून बाजूला झाला.

"निदान एवढं तरी सांगा, उद्या तुम्ही आमच्याबरोबर आहात ना?"

रामाजीच्या हातातला एक ग्लास तिनं घेतला, उभ्याउभ्याच रिकामा केला, परत त्याच्या हातात दिला आणि भोंग्यासकट जिना उतरून गेली.