वयनीचं रक्त आणि माझा निगेटिव्ह

माणसाच्या रक्तातल्या एका पेशीवर मी इतकी चिडेन आणि तिचंच कौतुक सांगताना मला दम लागेल, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. त्या पेशीला बी पेशी म्हणतात. लॅब टेक्निशियनच्या पुस्तकात तिच्यावर जेमतेम अर्धं पान होतं. पांढऱ्या पेशींतला एक प्रकार, जंतू आले की अँटीबॉडी तयार करते, म्हणजे जंतूला चिकटून त्याला धरून ठेवणारी प्रथिनं. मी ते अर्धं पान पाठ केलं, परीक्षेत उतरवलं, पास झाले आणि यवतमाळच्या एका छोट्या खाजगी लॅबमध्ये कामाला लागले. पुढे हीच पेशी आमच्या घरात उपद्रव करताना सापडली.

घर राळेगाव तालुक्यात. घरी माय, दादा आणि दादाची बायको, म्हणजे माझी वयनी. ती लग्न होऊन आली तेव्हा मी नववीत होते. मी तोंडाची फटकळ. ती कमी बोलायची, पण बोलली की वर्मी लागायचं. तिचा खरा तोरा मात्र वावरात. ती दोन्ही हातांनी कापूस वेचायची, डावा हात एका बोंडावर तर उजवा दुसऱ्यावर. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी टोचतात, बाकीच्या बायका हात झटकत राहायच्या, हिच्या कापसात काडी येत नसे की पान. बायका एकेक पात धरून, म्हणजे एकेक ओळ घेऊन निघाल्या, की हिची पात कधीच संपलेली आणि ही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून बाकीच्यांची मजा पाहात असायची.

आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात. कपाशीवर दही-भात शिंपडतात, पूजा होते आणि पहिलं बोंड बरकतीच्या हाताने वेचायचं असा रिवाज आहे. आसपासच्या चार-पाच वावरांत तो हात वयनीचा असायचा. लोक आदल्या दिवशी येऊन सांगून जायचे. तिला त्याचा गर्व होता आणि तिने तो कधी लपवला नाही.

ती वर्षं कापसाच्या गावांना फार वाईट होती, कर्जापायी शेतकरी जीव देत होते. बाहेरून गाड्या यायच्या, लोक हळू आवाजात विचारपूस करायचे, फोटो काढायचे आणि निघून जायचे. कोण मेलं ते सगळे विचारायचे. जिवंत बायकांची बोटं एकानेही पाहिली नाहीत. माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते.

त्यातच चिकनगुनियाची साथ आली. घरोघरी माणसं ताप उतरल्यावरही सांधे धरून बसलेली, उठताना भिंतीचा आधार घ्यायची. काहींनी भीतीने कोंबडी खाणं सोडलं, त्याचा कोंबड्यांना तेवढा फायदा झाला. आमच्या लॅबपुढे रांग लागायची. त्या रांगेत एक दिवस दादा वयनीला घेऊन आला. तिला ताप येऊन दोन महिने झाले होते, पण बोटांची सूज जाईना.

संधिवाताची एक साधी तपासणी असते, आरए फॅक्टर. काळ्या काचेवर रक्तातल्या पाण्याचा, म्हणजे सीरमचा, एक थेंब टाकायचा, त्यात दुधासारख्या औषधाचा एक थेंब, आणि काच दोन मिनिटं हळूहळू डोलवायची. दूध नासल्यासारखे दाणे दिसले तर पॉझिटिव्ह, दूध तसंच राहिलं तर निगेटिव्ह. मी वयनीची काच डोलवली. एक डोळा घड्याळावर, एक रांगेवर. दूध तसंच राहिलं. मी 'निगेटिव्ह' लिहिलं आणि दादाला मोठ्या ऐटीत सांगितलं, "काही नाई दादा. चिकनगुनियाची कळ हाय, जाईन हळूहळू."

गावात लोकांच्या कळा गेल्या. वयनीची गेली नाही. आणि घरात माझ्या कागदाला कोर्टाच्या निकालाची किंमत आली. माय शेजारणीला सांगायची, "आमच्या पोरीनं सोता तपासलं, काईच नाई म्हनते. मंग हे कायचं नाटक करून राह्यली?" सून काम चुकवते ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागत नाही. त्या वर्षी सीतादहीचं सांगणं एकाही घरून आलं नाही.

हे मला दिवाळीला घरी गेले तेव्हा कळलं. सकाळचे नऊ वाजले होते. वयनी अंगणात उन्हाला बसली होती, दोन्ही हात कोमट पाण्याच्या घमेल्यात. दहा वाजेपर्यंत बोटं वळत नाहीत म्हणे. भाकर थापता येत नव्हती, ती ताटलीने दाबून करायची. मी हात पाहिले. दोन्ही मनगटं सारखीच सुजलेली, दोन्ही हातांची मधली पेरं सारखीच फुगलेली. असं दोन्हीकडे सारखं दिसलं की शहाण्या माणसाने सावध व्हावं, हे मला पाठ होतं. मी काही बोलायच्या आधी तीच बोलली.

"बाई, तुमचा कागद म्हनते मले काही नाई. मंग हे हात कोनाचे हायेत?"

मला तोंड वर करवेना. नणंदेने भावजयीला छळावं ही रीतच आहे, लोक त्यावर गाणी म्हणतात. पण मी तर न छळताच छळलं होतं. सुई आणि नळी माझ्या पर्समध्ये असायचीच. मी तिथेच अंगणात तिचं रक्त घेतलं, नळी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि दुपारच्या एसटीने यवतमाळला परतले. माय मागून ओरडत होती की सणाची कोणी अशी जाते का.

लॅब सणामुळे रिकामी होती. मी काच घेतली, थेंब टाकले, दोन मिनिटं घड्याळ लावून डोलवली. दूध तसंच. पुन्हा निगेटिव्ह! मला रडू यायला लागलं आणि राग पण आला, कारण हात खोटं बोलत नव्हते. मग औषधाच्या खोक्यात घडी करून ठेवलेला तो कागद मी पहिल्यांदा उघडला. मुंगीएवढ्या अक्षरांचा तो कागद कुणीच वाचत नाही, मीही वाचला नव्हता. त्यात एक ओळ होती. रक्तात हा फॅक्टर फार जास्त असला तर दाणे होतच नाहीत, तेव्हा सीरम पातळ करून पुन्हा पाहावं.

मी सलाइनच्या पाण्यात दुप्पट पातळ केलं. दूध. चौपट केलं. दूधच, पण कडेला काहीतरी खरखरीत. आठपट केलं आणि दाणे दिसले! सोळापट, बत्तीसपट, चौसष्टपट, मी करत गेले आणि काच भरून दूध नासत गेलं. मी एकटीच मोठ्याने "अरे बाप रे, अरे बाप रे" करत होते. खरं सांगते, मला आधी आनंद झाला. रोग सापडल्याचा आनंद. वयनी खरी ठरल्याचा आनंद. मग मी निगेटिव्ह लिहिल्यापासूनचे महिने बोटांवर मोजले.

दुसऱ्या दिवशी गावी जाऊन मी अंगणात, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात सांगितलं की चूक माझी होती. माय गप्प बसणाऱ्यांतली नाही. ती म्हणाली, "तूच त सांगतलं होतं निगेटिव्ह." वयनीने हात घमेल्यातच ठेवले. माफ केलं असं ती म्हणाली नाही.

नागपूरला सांध्यांच्या एक डॉक्टरबाई होत्या, पन्नाशीच्या, हसऱ्या. त्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागे एक गोल काढला आणि म्हणाल्या, "ही बी पेशी." मी खुर्चीत पुढे सरकले. प्रत्येक बी पेशी आपली एक ठरलेली अँटीबॉडी घेऊन जन्मते. काही जन्मतःच चुकार निघतात, त्या आपल्याच शरीराला धरू पाहतात. शरीर अशा पेशी वेळीच खुडून टाकतं. एखादी सुटते. वयनीच्या अंगात अशा सुटल्या होत्या आणि माजल्या होत्या. तिच्या बी पेशी जी अँटीबॉडी करत होत्या ती जंतूला धरतच नव्हती, ती तिच्या स्वतःच्याच दुसऱ्या अँटीबॉडीला धरत होती. माझ्या काचेवर दुधाचे दाणे झाले होते ते हिच्यामुळेच.

"म्हंजे कुंपनानंच वावर खाल्लं," दादा म्हणाला.

"अगदी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मला राहवेना. मी विचारलं, मग ह्या पेशी फक्त अँटीबॉडीच करतात की आणखी काही? त्यांनी भुवया उंचावल्या आणि दुसरा गोल काढला. ही टी पेशी. बी पेशी शरीराचेच तुकडे उचलून हिच्यापुढे धरते, चुगली केल्यासारखी, आणि ही पेटून उठते. शिवाय बी पेशी सूज वाढवणारे निरोप सोडते ते वेगळेच. म्हणजे अर्ध्या पानात बसवलेली ही बया सांध्यांत बसून सगळं भांडण लावत होती! मी प्रश्नावर प्रश्न विचारत सुटले. शेवटी वयनी म्हणाली, "बाई, दुखनं माहं हाय का तुमचं?"

आधी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या झाल्या. वर्ष उलटलं. सूज अर्धी उतरली, पण बोटं बोंडावर मिटेनात, आणि डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली. मग डॉक्टरबाईंनी नव्या औषधाचं काढलं. हॉस्पिटलच्या मदतीतून ते मिळणार होतं. बी पेशीच्या अंगावर एक खूण असते, औषध ती खूण पाहून तेवढ्या पेशी गाठतं आणि संपवतं. मुरलेल्या, अँटीबॉडीचा कारखाना झालेल्या पेशींवर ती खूण नसते, म्हणून त्या वाचतात. हाडांतल्या मज्जेतून नव्या बी पेशीही काही महिन्यांनी पुन्हा येतात.

"मंग काय उपेग?" दादा म्हणाला.

उत्तर वयनीने दिलं. "निंदलं तरी तन पुन्हा निंघतेच. म्हनून कोनी निंदाचं सोडते का?" डॉक्टरबाई इतक्या खूश झाल्या की म्हणाल्या, हे मी पुढच्या पेशंटला सांगणार. त्यांनी भीतीही घातली. जंतूंशी लढणाऱ्या पेशीही याच, तेव्हा ताप आला तर एक दिवस थांबायचं नाही. पुढे कित्येक महिने आमच्या ओसरीवर कुणी खोकलं की मी त्याला पाहुणा असला तरी उठवायचे.

पंधरा दिवसांच्या अंतराने दोन सलाइनी झाल्या. मी दोन्ही वेळा रजा घेऊन नळीतला थेंब न् थेंब पाहात बसले. काही आठवड्यांनी नागपूरच्या लॅबचा रिपोर्ट आला. रक्तात बी पेशी जवळजवळ शून्य! मी आमच्या लॅबच्या व्हरांड्यात नाचले, लॅबचे सर बाहेर येऊन पाहून गेले. मी लगेच दादाच्या मोबाइलवर फोन लावला. पलीकडून वयनीचा आवाज थंड होता. "पेशी मेल्या म्हनता. मंग मले दुखते काहून?"

माझी पाचावर धारण बसली. दर रविवारी मी गावी जायचे, आल्या आल्या तिचे हात पाहायचे आणि मगच चहा प्यायचे. डॉक्टरबाई म्हणत, धीर धरा, वेळ लागतो. मला धीर माहीतच नाही. एकदा मी डॉक्टरबाईंना न विचारता तिचं रक्त घेऊन पुन्हा पातळ करत गेले. दाणे पूर्वीपेक्षा लवकर थांबत होते, म्हणजे फॅक्टर उतरत होता. डॉक्टरबाईंना कळवलं तर त्या म्हणाल्या, काच पाहू नका, हात पाहा.

तिसरा महिना संपत आला तेव्हाच्या रविवारी मी पोहोचले तर घर बंद. शेजारीण म्हणाली, वावरात गेल्या सगळ्या. मी तशीच पर्स घेऊन धुऱ्याधुऱ्याने निघाले. कपाशी फुटली होती. वयनी ओळीत उभी होती, कमरेला ओटी बांधलेली. डाव्या हाताने फांदी वाकवायची आणि उजव्याने वेचायची. हळू वेचत होती. बाकीच्या बायका कितीतरी पुढे निघून गेल्या होत्या. पण बोंड बोटांत यायचं, कापूस सुटायचा आणि ओटीत पडायचा.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी ढेकळं तुडवत तिच्यापर्यंत गेले आणि विचारलं, "वयनी, दुखते का वो?"

तिने ओटी सारखी केली आणि म्हणाली, "हात पुढं करा."

मी केला. तिने माझ्या दंडाची कातडी अंगठा आणि बोटांत धरली आणि असा करकचून चिमटा काढला की मी किंचाळले. पुढच्या ओळींतल्या बायका थांबून मागे पाहू लागल्या. वयनी सोडेना. माझ्या डोळ्यांत पाहात आणखी पिळला.

"हा त्या निगेटिव्हचा," ती म्हणाली.

दंडावर निळा डाग पडला तो आठवडाभर राहिला. मी लॅबमध्ये बाही वर करून तो येईल त्याला दाखवत होते.