प्रेमिलाबाईंच्या गुडघ्याची दोन वर्षं

गोंदियाजवळच्या कुडव्याच्या प्रेमिलाबाईंइतका सफाईदार विडीचा हात मी दुसरा बघितला नाही. मांडी घालून बसायचं, मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूपानं नि तंबाखू. दिवसाला हजार विड्या. त्यांच्या कट्ट्यात, म्हणजे बांधलेल्या जुडीत, छाटायला ठेकेदाराच्या चेकरला एक विडी सापडत नसे.

२०१० साली त्यांचा उजवा गुडघा वाकेना. मांडी घातली की मागून कळ. गोंदियातल्या एका हाडाच्या डॉक्टरनं एमआरआय काढून सांगितलं, आतली लिगामेंट झिजून फुगली आहे, गुडघा वाकायला जागाच उरली नाही. दोन बारीक छिद्रं पाडू. एकातून दुर्बीण घालू, दुसऱ्यातून फुगलेला भाग खरवडून काढू.

बाई चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या. मी विडी कामगारांच्या संघटनेचं काम करायचो, त्यांची सरकारी कार्डं मीच भांडून काढून दिलेली, त्यामुळे वस्तीत माझा शब्द चाले. त्याच महिन्यात मी गरज नसताना पैशासाठी ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरांविरुद्ध पत्रकं वाटत होतो.

"पडल्या होत्या काय?"

"नाई जी."

"मंग लिगामेंट का हवेनं खराब होते? ते खेळाडूची तुटते. लुटून राहिले तुमाले!"

"पन भाऊ, दुखून राहिला ना."

"तेल लावा."

चिठ्ठी फाडली. डॉक्टरच्या दारात जाऊन ओरडलोही. तो म्हणाला, "भैया, पहले रिपोर्ट तो पढ लो." वाचता येत होतं मला, कळत नव्हतं. तेवढं कबूल करणं जमलं नाही.

दोन वर्षं बाई खाटेवर पाय सोडून विड्या वळत राहिल्या. सूप घसरे, विडी ढिली पडे, चेकर निम्म्या छाटे. शेवटी ठेकेदारानं पानं देणंच बंद केलं. तरी माझ्या मोर्चात त्या लंगडत यायच्या.

२०१२च्या आरोग्य शिबिरात दुसऱ्या डॉक्टरनं तेच सांगितलं. सरकारी योजनेतून दुर्बिणीनं ऑपरेशन झालं. तिसऱ्या महिन्यात बाई अंगणात मांडी घालून बसल्या.

मी म्हणालो, "बाई, चुकी माझी. तुमची दोन वर्षं मी खाल्ली."

"मले मालूम आहे."

"मंग बोलल्या नाही काऊन?"

"तुमी भडकले असते. मंग बाकीच्या बायांच्या कामाले कोन धावलं असतं?"

त्या ठेकेदाराकडे पानं मागायला निघाल्या. मी चप्पल घातली.

"तुमी नका येऊ," बाई म्हणाल्या. "भांडान त्याच्यासंगं."

मी चप्पल काढली.